उकिरडा मॅडमचं प्लास्टिक

आमच्या मॅडमना चालत्या स्कूटीवरून वास ओळखता यायचा. धाराशिवच्या रस्त्यानं जाताना एकाएकी त्या ब्रेक मारायच्या, मान वर करून हुंगायच्या आणि म्हणायच्या, "इथं कुठंतरी छान कुजतंय." मागे बसलेली विद्यार्थिनी नाकाला ओढणी लावायची. मॅडम मात्र डिकीतून चमचा आणि स्टीलची डबी काढून त्या उकिरड्याकडे निघालेल्या असायच्या. घरमालक बाहेर यायचा. बाई सुशिक्षित दिसते, साडी इस्त्रीची आहे, आणि शेणाच्या खड्ड्यात वाकून चमचाभर माती घेते आहे, हे बघून तो जागीच थबकायचा. मॅडमच विचारायच्या, "घेऊ का थोडं?" आजवर कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

त्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मुलं त्यांना पाठीमागे 'उकिरडा मॅडम' म्हणायची. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा वर्गात फळा पुसता पुसता त्या शांतपणे म्हणाल्या, "नाव बरोबर आहे. माझ्या आज्याला लोकांनी उकिरड्याकडे ढकललं होतं. मी स्वतःच्या पायानं चालत जाते आणि भिंग घेऊन जाते. एवढा फरक लक्षात ठेवा, मग खुशाल म्हणा." त्यानंतर आम्ही ते नाव वापरत राहिलो, पण आवाजातली टिंगल गेली होती.

मॅडम माकणीच्या, बौद्ध कुटुंबातल्या. वडील गुरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होते. मॅडम दहावीत असताना गावातली एक गाय फुगून मेली. डॉक्टरांनी पोट फाडायला लावलं, आणि वडिलांनी आतून जो गोळा बाहेर काढला तो उचलायला दोन माणसं लागली. सगळ्या पिशव्या. दुधाच्या, बियाण्याच्या, देवीच्या प्रसादाच्या. "त्या गोळ्यातली एकही पिशवी मऊसुद्धा पडली नव्हती," मॅडम सांगायच्या. "गाईच्या पोटात काय काय विरघळतं, कडबा विरघळतो. हे नाही. मला तेव्हा राग आला नाही, मला कोडं पडलं. म्हटलं, असं काय बनवलंय माणसानं, की ते कुणालाच खाता येत नाही?"

त्या कोड्याचं उत्तर शोधण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांनी आम्हाला ते पहिल्यांदा दाखवलं. मातीतल्या एका जीवाणूवर काळा रंग टाकून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. प्रत्येक जीवाणूच्या पोटात काळे ठिपके, शेंगेतल्या दाण्यांसारखे.

"ही याची चरबी," मॅडम म्हणाल्या. "साखर भरपूर मिळाली आणि बाकीचं काही कमी पडलं, की हा गडी साखर साठवायला लागतो. आपण पोटावर साठवतो, तो पोटात साठवतो. पुढं उपाशी पडला की हेच खातो. आता गंमत ऐका. ही चरबी बाहेर काढून वाळवली की तिचं प्लास्टिक होतं. खरंखुरं प्लास्टिक. आणि जे कुणीतरी भुकेसाठी साठवलेलं असतं, ते खाणारंही कुणीतरी असतंच. म्हणून ते मातीत कुजतं."

मी येरमाळ्याची. चैत्रातल्या यात्रेनंतर आमच्या गावात बाभळींना पानांपेक्षा पिशव्या जास्त लागलेल्या असतात. ते वाक्य मी वहीत दोनदा लिहून घेतलं. तास संपल्यावर मी मॅडमच्या मागे गेले आणि विचारलं, "मॅडम, मग हे आपल्याला भरपूर का बनवता येत नाही?" त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कितीतरी वर्षं त्या हा प्रश्न कुणी विचारेल याची वाट बघत होत्या. "गाव कुठलं तुझं?" "येरमाळा." "उद्यापासून दुपारी लॅबमध्ये ये."

एम.एस्सी.ची दोन वर्षं मी त्या लॅबमध्ये काढली. मॅडमची युक्ती ऐकायला सोपी होती. मातीतला तो जीवाणू चरबी साठवतो, पण हळू वाढतो आणि साठवलेलं स्वतःच खाऊन टाकतो. ई. कोलाय नावाचा दुसरा जीवाणू झपाट्यानं वाढतो, पण त्याला ही चरबी बनवता येत नाही. तर पहिल्याचे ते काम करणारे तीन जनुक काढायचे आणि दुसऱ्याच्या अंगात घालायचे. "म्हणजे त्याला बनवता येईल, पण खाता येणार नाही. खायचा जनुक आपण दिलेलाच नाही," असं म्हणून मॅडम लहान मुलीसारख्या हसायच्या.

ते तीन जनुक ओवलेली डीएनएची गोल माळ त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीनं मोठ्या संस्थेतून रीतसर परवानगीनं पाठवली होती. लॅबमधलं बर्फाचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून मी बर्फाच्या कारखान्यातून लादी फोडून आणली. नळीतले जीवाणू बर्फात गारठवायचे, मग पाऊण मिनिट बेचाळीस अंशाच्या पाण्यात बुडवायचे आणि परत बर्फात. त्या झटक्यात त्यांच्या कातडीला भोकं पडतात आणि बाहेरची माळ आत शिरते. मॅडम घड्याळ धरून एकेक सेकंद मोठ्यानं मोजत होत्या. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंचा असा जीव टांगणीला लागतो हे मला फार आवडलं होतं.

मग आम्ही ते जीवाणू खाद्याच्या ताटल्यांत पसरले आणि दोन दिवसांनी त्या बघितल्या. काचेच्या चपट्या ताटलीत जीवाणूंच्या टिपक्याएवढ्या वसाहती वाढल्या होत्या. खाद्यात एक रंग मिसळला होता, तो फक्त या प्लास्टिकला चिकटतो आणि निळसर दिव्याखाली चमकतो. मॅडमनी पडदे ओढले, दिवा लावला. सगळी ताटली काळी, आणि तिच्यात पंधरा-वीस ठिपके गुलाबी पेटलेले. मॅडम खुर्चीत बसल्या. मग उठल्या. मग परत बसल्या. "पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "लई वर्षं लागली गं."

वर्गात त्या शुद्ध बोलायच्या. 'लई' बाहेर पडलं की समजायचं, मॅडम स्वतःला विसरल्या आहेत.

यानंतर मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. माझ्या वडिलांचं येरमाळ्याच्या हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान. त्यांना माझ्या अभ्यासाचं भारी अप्रूप. शनिवारी फोनवर मी त्या गुलाबी ठिपक्यांचं सांगितलं तर म्हणाले, "मलाबी दाव की एकदा." मी एक ताटली पट्टी लावून बंद केली, डब्याच्या पिशवीत घातली आणि येरमाळ्यावरून जाणाऱ्या कळंबच्या बसमध्ये बसले. घरी निळसर दिवा नाही, वडिलांना त्यात काहीच दिसणार नाही, एवढंही मला सुचलं नाही. आनंदानं डोकं फिरलं होतं. वाटेत कुणीतरी कांद्याचं पोतं माझ्या पिशवीवर टेकवलं. ताटली फुटली. आतला चिकट थर सीटवर आला. मी तो ओढणीनं पुसला, तुकडे गोळा केले, आणि घरी कुणाला काही बोलले नाही.

सोमवारी सकाळी मॅडमना सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चारच प्रश्न विचारले. बस कुठली? सीट कुठली? ओढणी कुठं आहे? हात कशानं धुतलेस? मग त्यांनी रजेचा अर्ज लिहिला, ब्लीचचा कॅन आणि हातमोजे घेतले आणि मला स्कूटीवर बसवून बसस्थानकावर आणलं.

वाटेत त्यांनी समजावलं. हा जीवाणू लॅबमध्ये लाडात वाढलेला, बाहेर तो फार टिकत नाही. पण त्याच्या अंगात आपण घातलेल्या माळेत एका औषधाला दाद न देणारा जनुकही असतो. तो बाहेरच्या एखाद्या रोगजंतूच्या हाती लागू नये. शक्यता थोडी आहे. "पण थोडी म्हणजे किती, हे मला माहीत नाही. आणि जे मला माहीत नाही, ते मी बसमध्ये सोडून देऊ शकत नाही."

ती बस दुपारी आली. चालकाच्या मागची तिसरी सीट. मॅडमनी कंडक्टरला सरळ सांगितलं, "माझ्या विद्यार्थिनीकडून परवा इथं लॅबमधला पदार्थ सांडला. मला हे धुवायचंय, दहा मिनिटं लागतील."

कंडक्टर म्हणाला, "मॅडम, ह्या गाडीत रोज काय काय सांडतंय. तुमी कशाला ताप करून घेता?"

"ते मी बनवलेलं नसतं," मॅडम म्हणाल्या आणि गुडघे टेकून बसल्या. लोक खिडकीतून बघत होते. मी कॅन धरला होता आणि खाली मान घालून रडत होते. "रडू नको," मॅडम पुसता पुसता म्हणाल्या, "पाणी मिसळलं की ब्लीच पातळ होतंय." मला हसू आलं आणि आणखी रडूही आलं.

तिथून आम्ही येरमाळ्याला गेलो. आईनं ओढणी धुऊन तारेवर टाकली होती. मॅडमनी ती उतरवून पिशवीत बंद केली, आईचा धुण्याचा दगडही धुतला. वडील हात पुसत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, पोरीनं लई मोठी चूक केली का?"

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "ज्या कपाटाला कुलूप पाहिजे होतं ते मी उघडं ठेवलं. आता हे मी अशा कामावर नजर ठेवणाऱ्या कमिटीला लिहून देणार, काम थांबणार आणि आमच्या सगळ्या ताटल्या नष्ट होणार. म्हणून म्हणते, तुम्ही उद्याच कॉलेजला या. हिनं काय केलंय ते बघायचं राहून जाईल."

दुसऱ्या दिवशी वडील दुकान बंद ठेवून आले. लॅबच्या दारात त्यांनी चपला काढल्या. मॅडम म्हणाल्या, "घाला त्या. इथं अनवाणी चालत नाही." पडदे ओढले, दिवा लागला. वडील बराच वेळ वाकून त्या गुलाबी ठिपक्यांकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्यांनी टायर हाताळले त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. "ह्ये मातीत गेल्यावर माती हुतंय?" "होय." "मग ह्येचं टायर करता यील का?" मॅडमनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. खूप ठिसूळ आहे, ताण सहन होणार नाही, पण दुसरं काही मिसळलं तर बघता येईल, असं सगळं त्यांनी वडिलांना पाच मिनिटं समजावलं. मग एकेक ताटली उचलून त्यांनी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये ठेवली आणि झाकण आवळलं. वडिलांना राहवलं नाही. "एवढं करून जाळायचं व्हय, मॅडम?"

"कृती वहीत आहे," त्या म्हणाल्या. "परत करता येतं."

त्यांनी कमिटीला पाठवलेल्या पत्रात माझं नाव नव्हतं. विभागप्रमुख त्यांच्यावर चिडले. "कुणाला कळलं असतं, बाई?" मॅडम म्हणाल्या, "सर, मी तो फॉर्म नीट बघितला. 'कुणाला कळलं का' असा त्यात रकाना नाही." काम जवळपास वर्षभर बंद राहिलं. माझा प्रबंध अडकला, त्यांची बढतीही लांबली. ही दुसरी गोष्ट मला त्यांच्याकडून नाही, शिपायाकडून कळली.

त्या वर्षात त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. जनुक हलवायची परवानगी नव्हती, पण उकिरडे हुंगायला कुणाची परवानगी लागत नाही. माकणीच्या धरणाकाठचा गाळ, साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीखालची माती, आम्ही सगळं गोळा केलं. कोणता जीवाणू मळीवर किती चरबी धरतो त्याचे तक्ते केले. कपाटाला कुलूप आलं, कुलपाला वही आली. परवानगी परत मिळाली तेव्हा आमची तयारी आधीपेक्षा चांगली होती. जी गोष्ट पहिल्यांदा दोन वर्षांत झाली होती, ती आम्ही सहा आठवड्यांत परत केली.

या वेळी आम्ही पुढे गेलो. जीवाणू फोडून आतली चरबी द्रावणात उतरवली आणि काचेच्या ताटलीत ओतून ठेवली. द्रावण उडून गेल्यावर तळाशी एक पापुद्रा राहिला, कांद्याच्या सालीसारखा, किंचित दुधाळ. मॅडमनी तो चिमटीनं उचलून उजेडाकडे धरला. "वाजतंय बघ," त्या म्हणाल्या. खरंच, हलवलं की त्याचा पिशवीसारखा आवाज येत होता.

तो पापुद्रा आम्ही नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घालून कॉलेजच्या बागेत पुरला. शेजारी तशाच जाळीत दुकानातल्या पिशवीचा तुकडा. माळ्याला ताकीद दिली की इथं खुरपं लावायचं नाही. मॅडम रोज येताजाता तिथं थांबायच्या, शेत पेरलेल्या माणसासारख्या. तीन महिन्यांनी उकरलं. दुकानातला तुकडा जसाच्या तसा. आणि आमची जाळी रिकामी. झटकली, उलटी केली, भिंगाखाली धरली. काही नाही, थोडी माती.

ती रिकामी जाळी घेऊन मॅडम सगळ्या कॉलेजात फिरल्या. स्टाफरूम, ऑफिस, ग्रंथालय, कँटीन. "हे बघा," म्हणायच्या आणि काहीही नसलेली जाळी समोर धरायच्या. इतिहासाच्या सरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मॅडम, काय बघायचं यात?" "तेच तर," मॅडम म्हणाल्या. "काहीच न्हाय." एखादी गोष्ट नाहीशी झाल्याचा इतका आनंद झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढे मी हैदराबादला संशोधनाला गेले. तिथं हेच जनुक झाडांत घालायचं काम होतं. जीवाणूला साखर विकत आणून खाऊ घालावी लागते, झाड ती उन्हातून स्वतःच करतं. कल्पना सुंदर, पण झाडं ऐकेनात. तंबाखूची रोपं प्लास्टिक बनवायची आणि खुरटायची. बोटभर उंची, पिवळी पानं. मी वैतागून फोन केला, तर मॅडम म्हणाल्या, "तू त्याचं सगळं जेवण काढून घेतलंस. ते वाढणार कशावर? त्याच्या घरात अशी एखादी खोली शोध, जिथं त्याला परवडेल." मग आम्ही तो कारभार पेशीतल्या हरितकणांकडे वळवला. जिथं साखर तयार होते, तिथंच थोडी बाजूला काढायची. दोन वर्षं गेली. एका सकाळी पानाच्या कापात हिरव्या कणांच्या आत गुलाबी दाणे दिसले, आणि कुंडीतलं ते झाड हिरवंगार, कमरेएवढं उभं होतं. मी मॅडमना फोन लावला. त्या नुकत्याच निवृत्त होऊन माकणीला राहायला गेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "रेल्वे किती वाजता असती गं?"

त्या आल्या. गुडघे दुखत होते, तरी चार जिने चढल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो काढेनात. मागे माझे सहकारी उभे, चहा गार झाला. मग त्यांनी सगळ्यांना एकेकदा बघायला लावलं, अगदी फरशी पुसायला आलेल्या ताईंनाही, आणि त्या ताईंना हिंदी-मराठी मिसळून समजावलं की हे झाड पिशवी बनवतंय. ताई म्हणाल्या, "सच्ची?" मॅडम म्हणाल्या, "सच्ची."

स्टेशनवर सोडायला गेले तेव्हाही प्रश्न चालूच होते. बियांत उतरलं का? पुढच्या पिढीत टिकलं का? गाडी हलली. त्या दारात उभ्या राहून काहीतरी ओरडत होत्या. मी गाडीबरोबर चालत गेले तेव्हा ऐकू आलं, "मुळांत बघितलंस का? मुळांत?"

मुळांत बघितलं नव्हतं. मुळं हिरवी नसतात, पण त्यांच्यातही हरितकणांचे बिनरंगी भाऊबंद असतात, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

मॅडम जाऊन आता दीड वर्ष झालं. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. माकणीत त्यांच्या घरी गेले तेव्हा वाटलं होतं, खूप रडू येईल. पण बुद्धवंदना चालू असताना मला सारखी एकच दुपार आठवत होती. त्या हैदराबादहून परत गेल्या, त्यानंतरच्या आठवड्यातली. मी मुळांचे काप घेतले होते आणि हातातलं काम टाकून त्यांना फोन केला होता.

"मॅडम, मुळांत आहे. पानांपेक्षा मोठे दाणे आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कप्पा उघडल्याचा आवाज आला. "थांब, थांब," मॅडम म्हणाल्या, "आधी पेन घेऊ दे. आता पहिल्यापासून सांग."